‘द शूटिस्ट’ कसा पूर्ण झाला: एका फुप्फुसाचा हिरो, नीट ऐकू न येणारा मित्र आणि बदललेला शेवट

हॉलिवूडच्या वेस्टर्न, म्हणजे काऊबॉय सिनेमांचा हिरो जॉन वेन, त्याचा शेवटचा सिनेमा ‘द शूटिस्ट’, १९७६ चा. त्याच्याबद्दल एक गोष्ट कायम फिरत असते की वेनला कॅन्सर झाला होता, आपले थोडेच दिवस उरलेत हे त्याला कळलं होतं आणि म्हणूनच त्याने कॅन्सरने मरणाऱ्या म्हाताऱ्या गनफायटरचा रोल घेतला. ऐकायला भारी वाटतं पण तारखा जुळत नाहीत. वेनला कॅन्सर झाला होता तो १९६४ ला, फुप्फुसाचा, डावं फुप्फुस आणि काही बरगड्या काढून टाकल्या होत्या. पोटाचा कॅन्सर निघाला जानेवारी १९७९ मध्ये आणि ११ जून १९७९ ला तो गेला. मधे १९७८ ला हार्टचं ऑपरेशन झालं, झडप बदलली. म्हणजे १९७६ च्या सुरुवातीला हे शूटिंग चालू होतं तेव्हा त्याला नवा कॅन्सर आहे असं कुठलंही निदान झालेलं नव्हतं.

ही दंतकथा मला खटकते ती नुसती चुकीची आहे म्हणून नाही. तिच्यामुळे सेटवर जे प्रत्यक्ष घडलं ते सगळं झाकलं जातं. एक ६८ वर्षांचा माणूस, एकाच फुप्फुसावर श्वास घेणारा, उंचावरच्या थंड गावात शूटिंग करतोय, डायरेक्टरशी त्याचं नीट जमत नाहीये, समोरच्या जुन्या मित्राला डायलॉग ऐकू येत नाहीयेत, हिरॉइनने स्वतःच्या नवऱ्याला कॅन्सरने जाताना बघितलंय, आणि स्क्रिप्टमधला शेवट हिरोलाच मान्य नाही. यातली एकेक अडचण सिनेमा बंद पाडायला पुरली असती. आणि तरी सिनेमा पूर्ण झाला, एवढंच नाही तर यातल्या बऱ्याच अडचणी पडद्यावर आल्या आणि त्यांनीच तो चांगला झाला असं माझं ठाम मत आहे. तेच नीट मांडायचा हा प्रयत्न आहे.

गोष्ट काय आहे

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, आणि शेवटाबद्दल बोलल्याशिवाय हे प्रकरण समजणार नाही त्यामुळे शेवटही येणारच. साल १९०१, जानेवारी महिना, इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया वारल्याची बातमी पेपरात आलीय. जे. बी. बुक्स नावाचा प्रसिद्ध गनफायटर नेवाडातल्या कार्सन सिटीत येतो ते तिथल्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवायला. डॉक्टर सांगतो कॅन्सर आहे, शेवटचे दिवस फार वेदनेचे असतील. बुक्स एका विधवा बाईच्या घरी भाड्याने खोली घेतो, तिचा तरुण मुलगा गिलम याच्या नावाने भारावलेला. गावात बातमी पसरते आणि जो तो याच्या मरणातून काहीतरी काढायला टपलेला, पत्रकाराला स्टोरी पाहिजे, अंत्यविधीवाल्याला प्रेत दाखवून पैसे कमवायचेत, जुनी मैत्रीण त्याच्या नावासाठी लग्न करायला आलीय. शेवटी बुक्स ठरवतो की अंथरुणात तडफडत मरायचं नाही, आणि आपल्या वाढदिवशी, २९ जानेवारीला, गावातल्या तीन नामचीन बंदूकवाल्यांना सलूनमध्ये बोलावून घेतो.

ग्लेंडन स्वारथाउट यांच्या १९७५ च्या कादंबरीवर हा सिनेमा आहे, पटकथा त्यांचा मुलगा माइल्स आणि स्कॉट हेल यांची. कादंबरी टेक्ससमधल्या एल पासोत घडते, सिनेमात ते कार्सन सिटी केलं, आणि या बदलाची किंमत पुढे वेनच्याच श्वासाला मोजावी लागली.

रोल वेनकडे आला कसा

आज वाटतं की हा रोल वेनसाठीच लिहिला असणार. पण निर्माते मंडळींच्या डोक्यात आधी दुसरी नावं होती, पॉल न्यूमन आणि जॉर्ज सी. स्कॉट ही त्यातली नेहमी घेतली जाणारी. वेनच्या तब्येतीची शंका होतीच, आणि शंका घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. सिनेमा म्हणजे प्रचंड पैसा, आणि मुख्य नट मधेच आडवा झाला तर झालेला सगळा खर्च पाण्यात. जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये बुक्स आहे, त्याला बाजूला ठेवून महिनाभर दुसरं काही शूट करत बसता येईल अशी ही स्क्रिप्टच नाही.

पण वेनला हा रोल पाहिजे होता आणि त्याने तो मिळवला. एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, १९६४ च्या ऑपरेशननंतर थोड्याच महिन्यांत तो मेक्सिकोतल्या दुरांगोला जाऊन ‘द सन्स ऑफ केटी एल्डर’ करत होता. तेही उंचावरचं ठिकाण, तिथेही श्वासाचा त्रास, ऑक्सिजन जवळ ठेवून काम. डायरेक्टर हेन्री हॅथवे हा स्वतः कॅन्सरमधून बाहेर आलेला, त्याने वेनला अजिबात सवलत दिली नाही म्हणतात. आणि त्या काळात हॉलिवूडमध्ये कॅन्सर हा शब्द नट लोक तोंडातून काढत नव्हते, करिअर संपायची भीती, तेव्हा वेनने पत्रकारांना बोलावून उघड सांगितलं होतं की मला कॅन्सर झाला होता आणि मी त्यातून उठलोय. म्हणजे बुक्स डॉक्टरसमोर बसून निदान ऐकतो तेव्हा तो सीन करणाऱ्या माणसाने हे वाक्य एकदा स्वतःच्या आयुष्यात ऐकलेलं होतं. दंतकथेतला खरा भाग एवढाच, पण तो लहान नाही.

४,७०० फुटांवर

शूटिंग जानेवारी १९७६ मध्ये कार्सन सिटीत सुरू झालं. हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण ४,७०० फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडं वर, आणि जानेवारीतली कडाक्याची थंडी वेगळी. दोन्ही फुप्फुसं ठणठणीत असलेल्या माणसाला एवढ्या उंचीवर विशेष काही होत नाही. पण एकच फुप्फुस, भरीला वजन आणि वय, अशा माणसाला घोड्यावर चढणं, जिना चढून वर जाणं, मोठं वाक्य एका दमात बोलणं या साध्या गोष्टी जड जातात. विधवा बाईच्या घराचा बाहेरचा भाग म्हणून कार्सन सिटीतलं खरं जुनं घर वापरलं, क्रेब्स-पीटरसन हाउस, ते आजही तिथे आहे. बग्गीतून फिरायला जायचा सीन वॉशो लेकजवळचा. बाकी गावातला रस्ता आणि सेट कॅलिफोर्नियात बरबँकला स्टुडिओत उभे केले, प्रॉडक्शन डिझायनर रॉबर्ट बॉयल, हिचकॉकसोबत अनेक वर्षं काम केलेला माणूस. काम खाली बरबँकला आल्यावर उंचीचा प्रश्न सुटला पण थकवा तर अंगात होताच.

शूटिंग बरंच पुढे गेल्यावर वेन आजारी पडला, फ्लू, आणि काम थांबवावं लागलं. तो परत येऊन सिनेमा पूर्ण करेल की नाही याचीच खात्री नव्हती. अशा वेळी युनिट काय करतं, तर हिरोशिवाय जे जे घेता येईल ते घेऊन टाकतं, समोरच्या नटांचे शॉट, पाठमोरे शॉट, लांबून दिसणारा डबल, हातांचे आणि वस्तूंचे क्लोजअप. डायरेक्टर डॉन सीगल मुळात एडिटिंग आणि माँटाजच्या कामातून वर आलेला, वॉर्नर ब्रदर्समध्ये त्याने वर्षानुवर्षं तुकडे जोडायचंच काम केलं होतं, त्यामुळे कुठला तुकडा हिरोशिवाय चालेल आणि कुठे चेहरा लागेलच हे त्याला पक्कं माहीत. या सिनेमाला असा डायरेक्टर असणं हे मोठं नशीब होतं असं मला वाटतं, कारण नुसता नटांकडून काम काढून घेणारा डायरेक्टर इथे हातावर हात ठेवून बसला असता.

आता पडद्यावर बघा. बुक्स सगळीकडे एक लाल मखमली उशी घेऊन फिरतो, जिथे बसेल तिथे ती खाली घेतो, दुखतं म्हणून. हळू उठतो. खुर्चीच्या हाताला धरतो. वाक्य अर्ध्यावर थांबतं आणि मग पुढे सरकतं. यातलं किती अभिनय आणि किती खरा दम लागलेला हे सांगता येणार नाही, आणि प्रेक्षकाला ते वेगळं करायची गरजही पडत नाही. दुसऱ्या एखाद्या वेस्टर्नमध्ये हीच धाप लपवायला कट मारले असते, डबल घातले असते. इथे पात्रच आजारी असल्यामुळे लपवायचं काही राहिलं नाही. पन्नाशीतल्या ठणठणीत नटाने मेकअप करून हा रोल केला असता तर त्याला हे सगळं बाहेरून आणावं लागलं असतं.

सीगल आणि वेन

दोघांचं फार गोडीत चाललं नाही. वेनला सेटवर सगळ्यात लक्ष घालायची सवय, त्याने स्वतः ‘द अलामो’ डायरेक्ट केलेला, जॉन फोर्ड आणि हॉवर्ड हॉक्स अशा लोकांच्या हाताखाली आयुष्य काढलेलं, त्यामुळे कॅमेरा कुठे ठेवायचा, सीन कसा घ्यायचा यावर त्याची मतं होती आणि तो ती बोलून दाखवायचा. सीगलही कच्चा नव्हता, ‘डर्टी हॅरी’ सारखा सिनेमा करून आलेला, पडतं घेणाऱ्यांतला नाही. त्यात कॅमेरामन ब्रूस सर्टीस, ज्याला अंधार आवडायचा, आणि वेनच्या पिढीला भरपूर उजेडात केलेल्या वेस्टर्नची सवय. याच सर्टीसने त्याच वर्षी क्लिंट ईस्टवुडचा ‘द आउटलॉ जोसी वेल्स’ सुद्धा शूट केला, म्हणजे १९७६ मध्ये जुना वेस्टर्न आणि नवा वेस्टर्न दोन्ही एकाच माणसाच्या कॅमेऱ्यातून गेले, हा योगायोग मला फार आवडतो.

भांडणांच्या बारीकसारीक किश्शांमध्ये मला रस नाही, प्रत्येकाने आपापल्या बाजूने सांगितलेत. महत्त्वाचं हे की दोघांनीही काम सोडलं नाही, आणि ज्या एका मुद्द्यावर वेन खरोखर अडून बसला तो शेवटाचा मुद्दा होता, त्याकडे पुढे येतोच.

स्टुअर्टचे सीन

माझ्या दृष्टीने प्रकरणाचा गाभा इथे आहे.

डॉक्टर हॉस्टेटलरच्या रोलसाठी जेम्स स्टुअर्ट या जुन्या मित्राला आणलं ते वेनच्या आग्रहावरून. स्टुअर्ट तेव्हा ६७ वर्षांचा, काही वर्षं सिनेमात रोल केलेला नव्हता, आणि त्याला ऐकायला बरंच कमी येत होतं. रोल छोटा, मुख्यतः डॉक्टरच्या खोलीतला संवाद, दोन म्हातारे समोरासमोर. कागदावर सगळ्यात सोपं काम, ना घोडे ना गोळीबार.

आणि तिथेच गाडी अडली. दोघांच्या वाक्यांची सांगड बसेना, टेक वाया जायला लागले. आता ज्यांनी नाटकात कधी काम केलंय त्यांना हे लगेच कळेल, तुमचं वाक्य पाठ असून भागत नाही, समोरच्याचं वाक्य कुठे संपतं ते कानावर पडायला लागतं, तिथून तुमचं सुरू होतं. ते शेवटचे शब्द ऐकूच आले नाहीत तर तुम्ही एकतर लवकर घुसता नाहीतर उशीर करता, आणि तुम्ही उशीर केला की समोरच्याला वाटतं आपलंच काहीतरी विसरलं, मग तोही अडखळतो. एका माणसाच्या कानाची अडचण अशी दोघांच्या जिभेवर जाऊन बसते. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटतं दोन म्हाताऱ्यांना डायलॉग पाठ नाहीत.

सीगलला तसंच वाटलं असावं, त्याने दोघांना आणखी तालीम करायला सांगितली. यावर वेनने त्याला सुनावल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे, सीन याहून चांगला हवा असेल तर याहून चांगले दोन नट शोधून आण अशा अर्थाचं काहीतरी. हा किस्सा सहसा वेनच्या तापट स्वभावाचं उदाहरण म्हणून सांगतात. पण त्याच्याबरोबर सांगितला जाणारा दुसरा अर्धा भाग लोक गाळतात, आणि तो असा की वेनने नंतर खाजगीत सांगितलं, जिमीला, म्हणजे स्टुअर्टला, त्याची वाक्यं येत होती, त्याला माझे शब्द ऐकू येत नव्हते आणि त्यामुळे माझंही चुकत होतं. हे लक्षात घेऊन पहिला भाग परत वाचा. सगळ्या युनिटसमोर मित्राच्या बहिरेपणाचा विषय निघू नये म्हणून त्याने दोष दोघांवर घेतला आणि राग स्वतःच्या नावावर लावून घेतला. मी तरी ते असंच वाचतो. दोघंही स्टार, दोघंही म्हातारे, आणि एकाला दुसऱ्याची लाज राखायची होती.

आता हा सीन बघा सिनेमात. डॉक्टर बोलायला टाळतो. बुक्स त्याला बोलतं करतो. डॉक्टर थांबतो, शब्द शोधतो, शेवट कसा असेल ते सांगायला लागतो आणि सांगून झाल्यावर जाता जाता सुचवतो की तुझ्याएवढं धैर्य असतं तर मी असं मरण पत्करलं नसतं. मधे ज्या शांत जागा आहेत, एकमेकांकडे बघत थांबणं, पुढचं वाक्य येईपर्यंतचा तो क्षण, ते सगळं त्या सीनमध्ये इतकं बसतं की एका डॉक्टरला आपल्या ओळखीच्या माणसाला ही बातमी सांगायला असाच वेळ लागेल असं वाटतं. स्टुअर्ट समोरच्याच्या तोंडाकडे रोखून बघतो तेव्हा ते काळजीने बघणंच वाटतं.

या दोघांचा मागचा इतिहास बघणाऱ्यांना माहीत होता हेही विसरून चालणार नाही. १९६२ च्या ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ मध्ये स्टुअर्टचं पात्र वेनच्या पात्राच्या अंत्यविधीला येतं आणि तिथून गोष्ट सुरू होते. चौदा वर्षांनी तोच स्टुअर्ट त्याच वेनला सांगतोय की तू मरणार आहेस. ज्याने दोन्ही बघितलेत त्याच्यासाठी या खोलीत चौदा वर्षांचा काळही येऊन बसलेला असतो. तरुण, तीक्ष्ण कानाचा नट घेतला असता तर शेड्यूल नक्की वाचलं असतं, पण हे मिळालं नसतं, आणि वेनने स्टुअर्टचा आग्रह धरला तेव्हा त्याला हे कळत होतं असं मला वाटतं.

लॉरेन बकॉल

विधवा बाँड रॉजर्सचा रोल बकॉलने केला. तिचा नवरा हम्फ्री बोगार्ट अन्ननलिकेच्या कॅन्सरने जानेवारी १९५७ मध्ये गेला, ती तेव्हा बत्तिशीची, पदरी दोन लहान मुलं. म्हणजे घरात कॅन्सरचा माणूस असणं म्हणजे काय हे तिला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. राजकारणात ती आणि वेन दोन टोकांना, ती पक्की डेमोक्रॅट, तो तेवढाच कट्टर रिपब्लिकन, आणि १९७० च्या दशकातल्या अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हती. पण १९५५ ला ‘ब्लड अ‍ॅली’ मध्ये दोघांनी एकत्र काम केलेलं होतं आणि इथे राजकारण मधे आलं नाही. बकॉलने आठवणींत लिहिलंय की सेटवर कोणीतरी म्हणालं आज दिवस किती छान आहे, तर वेन म्हणाला ज्या दिवशी जाग येते तो प्रत्येक दिवस छानच असतो. माणूस काय अवस्थेत काम करत होता ते यातून समजतं.

तिच्या कामात मला आवडतं ते हे की ती बुक्सची कीव करत नाही. आधी चिडते, त्याला घराबाहेर काढायला बघते, आजार कळल्यावर बदलते पण ओरडून रडत नाही. शेवटच्या दिवशी तो तयार होऊन निघतो तेव्हा तो कुठे निघालाय हे दोघांना कळतंय आणि दोघंही ते बोलत नाहीत. या रोलसाठी तिला ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्काराचं नॉमिनेशन मिळालं.

बाकीची जुनी मंडळी

अंत्यविधीवाल्याच्या रोलमध्ये जॉन कॅरडाइन आहे, सत्तरीचा. १९३९ च्या ‘स्टेजकोच’ मध्ये तो वेनसोबत त्याच गाडीत बसला होता, वेनला स्टार करणारा सिनेमा तोच. इथे तो फुकट अंत्यविधी करून देतो म्हणत येतो आणि बुक्स त्याचा डाव ओळखून उलट त्याच्याकडूनच पैसे आणि कबरीवरचा दगड वसूल करतो. सलूनमध्ये बोलावलेल्या तिघांपैकी रिचर्ड बून आणि ह्यू ओ’ब्रायन हे दोघं १९५० च्या दशकातल्या टीव्ही वेस्टर्नचे हिरो, बून म्हणजे पॅलडिन आणि ओ’ब्रायन म्हणजे वायट अर्प. तिसरा बिल मॅकिनी. मार्शलच्या रोलमध्ये हॅरी मॉर्गन, ज्याला बुक्स मरणार हे ऐकून उघड आनंद होतो, तो सीन ऐकताना अंगावर येतो.

सुरुवातीला बुक्सचं आयुष्य दाखवणारी छोटी चित्रमालिका आहे आणि त्यासाठी वेनच्याच जुन्या सिनेमांचे तुकडे वापरलेत, ‘रेड रिव्हर’, ‘होंडो’, ‘रिओ ब्राव्हो’, ‘एल डोराडो’. १९४८ पासून १९६६ पर्यंतचा एकच चेहरा दीड-दोन मिनिटांत म्हातारा होत जातो. पात्राचा भूतकाळ तयार करायला एकही नवा शॉट लागला नाही आणि एवढा खरा भूतकाळ दुसऱ्या कुठल्याही नटासाठी तयार करता आला नसता.

गिलमच्या रोलमध्ये रॉन हॉवर्ड, तेव्हा ‘हॅपी डेज’ मुळे घराघरात पोचलेला, २१-२२ वर्षांचा. तो वेनसोबत वाक्यांची तालीम करत बसायचा, त्याचं काम बघायचा. पुढच्याच वर्षी, १९७७ ला, त्याने पहिला सिनेमा डायरेक्ट केला. या मोठ्या जुन्या लोकांमध्ये समान काय होतं तर काम करायची तयारी, हे त्याने पुढे अनेकदा सांगितलंय.

शेवट

मूळ कादंबरीत गोळीबारानंतर बुक्स जखमी पडलेला असतो, गिलम त्याला गोळी घालून संपवतो, त्याच्या बंदुका घेतो आणि बाहेर पडतो. म्हणजे एक गनफायटर मेला आणि दुसरा जन्माला आला. पटकथेच्या आधीच्या रूपातही शेवट त्याच दिशेने जात होता, आणि त्यात बुक्स पुलफर्डला, म्हणजे ओ’ब्रायनच्या पात्राला, पाठीत गोळी घालतो असं होतं.

वेनने याला सरळ नकार दिला. अडीचशे सिनेमे केले, कधी कोणाला पाठीत गोळी घातली नाही, हे बदला. आकडा फुगवलेला आहे, त्याचे सिनेमे पावणेदोनशेच्या आसपास भरतात. आणि दावाही शंभर टक्के बरोबर नाही, ‘द सर्चर्स’ मध्ये त्याच्याच पात्राने, ईथन एडवर्ड्सने, फटरमन नावाच्या माणसाला पाठीत गोळी घातलेली आहे आणि त्याच सिनेमात ते बोललंही जातं. पण मला वाटतं इथे हिशोब तपासत बसण्यात अर्थ नाही. त्याला कळत होतं की प्रेक्षक चाळीस वर्षं त्याच्याकडे काय म्हणून बघत आलाय, आणि पहिल्या दोन मिनिटांत स्वतःच्या सिनेमांचे तुकडे दाखवल्यावर शेवटच्या दोन मिनिटांत ते सगळं पुसून टाकता येणार नाही.

मग शेवट बदलला. बुक्स तिघांनाही समोरासमोर मारतो, आणि त्याला स्वतःलाच पाठीत गोळी लागते, सलूनच्या बारटेंडरकडून, ज्याच्याशी त्याचं काही वैर नव्हतं. गिलम आत येतो, बुक्सची बंदूक उचलतो, बारटेंडरला मारतो, हातातल्या बंदुकीकडे बघतो आणि ती लांब फेकून देतो. बुक्स ते बघतो, किंचित मान हलवतो आणि संपतो.

यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. कादंबरीचा शेवट जास्त कडक, हिंसा कशी पुढच्या पिढीकडे जाते ते कसलीही मलमपट्टी न करता सांगणारा. सिनेमाचा शेवट पोराला वाचवतो. अनेक समीक्षकांना हा बदल म्हणजे स्टारने आपली इमेज सांभाळणं वाटतं, आणि इमेजचा विचार त्यात होता हे मी नाकारणार नाही. पण मी हा सिनेमा परत परत बघितल्यावर माझं मत सिनेमाच्या बाजूने गेलंय. कारण असं की सिनेमाभर बुक्स आणि गिलम यांच्यात जे घडतं ते हळूहळू शिकवण्याचं आहे, झाडावर नेम धरायला शिकवतो तेव्हाच तो सांगतो की नेम चांगला असणं महत्त्वाचं नाही, मारायची तयारी असणं महत्त्वाचं, आणि बहुतेक माणसांची ती नसते. मग शेवटी पोरगा मारतो, म्हणजे तयारी त्याच्याकडे होती, आणि तरी बंदूक टाकतो. नुसती बंदूक घेऊन जाणाऱ्या गिलमपेक्षा हा गिलम मला अवघड वाटतो. पाठीत गोळी घालायचं काम कोणीतरी करणारच होतं, ते हिरोकडून काढून एका साध्या बारटेंडरकडे दिलं आणि त्यामुळे बुक्सच्या मरणात जे थोडं मोठेपण येऊ शकलं असतं तेही काढून घेतलं. त्याने ठरवलेल्या तीन माणसांपैकी कोणीही त्याला मारू शकलं नाही, चौथ्याने मारलं. स्टारचा हट्ट आणि गोष्टीची गरज दरवेळी एकाच दिशेला जात नाहीत, इथे त्या गेल्या, आणि सीगलने बदल मान्य केला यात त्याचंही श्रेय आहे.

पुढे काय झालं

सिनेमा ऑगस्ट १९७६ मध्ये अमेरिकेत आला. कौतुक झालं, धंदा बेताचा. ऑस्करला एकच नॉमिनेशन, बॉयलच्या आर्ट डिरेक्शनला, आणि तेही ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ कडे गेलं. वेनला नॉमिनेशनसुद्धा नाही, आणि हे मला आजही चुकीचं वाटतं, ‘ट्रू ग्रिट’ साठी मिळालेल्या ऑस्करपेक्षा हे काम मोठं आहे. स्टुअर्ट पुन्हा कामाला लागला, ‘एअरपोर्ट ७७’ आणि ‘द बिग स्लीप’ त्यानंतरचे. लेखकाचा मुलगा माइल्स स्वारथाउट याने २०१४ ला ‘द लास्ट शूटिस्ट’ नावाची कादंबरी काढली, तीत गिलमची पुढची गोष्ट आहे, आणि त्यातला गिलम बंदूक घेऊन निघालेला आहे. म्हणजे वडिलांच्या शेवटावर मुलगा ठाम राहिला.

आणि वेन. त्याने हा सिनेमा निरोपाचा म्हणून केला या समजुतीला सगळ्यात सरळ उत्तर हे की यानंतर त्याला आणखी काम करायचं होतं. ‘बो जॉन’ नावाची एक कादंबरी त्याने बघून ठेवली होती, तिच्यावर सिनेमा करायचा आणि सोबत रॉन हॉवर्डच पाहिजे असं त्याने हॉवर्डला सांगितलं होतं. हार्टचं ऑपरेशन आणि मग पोटाचा कॅन्सर, त्यात ते राहून गेलं.